भातावरचा करपा: ओल, पाणी आणि युरिया बघून आधीच कसा ओळखायचा

करपा हा भातावरचा बुरशीचा रोग. तो पडला की दुकानात जाऊन पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठलं औषध मारू?" खरं तर त्याच्या आधीचा प्रश्न जास्त कामाचा आहे: बुरशी तर दरवर्षी शिवारात असतेच, मग एका वर्षी नुसते चार ठिपके आणि दुसऱ्या वर्षी अख्खं वाफं जळाल्यासारखं, हे कशामुळं? उत्तर बुरशीच्या अंगात अर्धं आहे आणि तिच्या भोवतीच्या हवेत, पाण्यात, खतात अर्धं आहे. हा लेख त्या दुसऱ्या अर्ध्यावर आहे, कारण आपल्या हातात तेवढंच आहे. आजरा, राधानगरी, भुदरगड, गगनबावडा, शाहूवाडी, पन्हाळा, चंदगड अशा कोल्हापूर जिल्ह्यातल्या भातवाल्यांसाठी आणि ॲग्री किंवा मायक्रोबायोलॉजीला असलेल्या पोरांसाठी लिहितोय. पोरांना खाली एक प्रॅक्टिकलपण दिलंय, ज्यांना नको त्यांनी ते सोडून पुढं जावं.

आधी बुरशी काय करते ते बघा

करप्याची बुरशी म्हणजे मॅग्नापोर्थे ओरायझी, काही पुस्तकात पायरिक्युलॅरिया नावानं सापडेल. २०१२ मध्ये जगभरच्या बुरशीतज्ज्ञांनी मतं देऊन पिकांवरच्या दहा महत्त्वाच्या बुरश्यांची यादी केली त्यात ही पहिल्या नंबरला होती. तिचा स्पोर (बीजाणू, ज्यातनं बुरशी पसरते) पेअरच्या आकाराचा, तीन कप्प्यांचा, साध्या डोळ्याला दिसत नाही. रात्री अंधारात, हवा दमट असली की जुन्या ठिपक्यावरून सुटतो आणि वाऱ्यानं दुसऱ्या पानावर जाऊन पडतो.

आता भाताचं पान कसं असतं तुम्हाला माहितीय, मेणचट, पाणी टाकलं तर थेंब घरंगळून जातो. अशा पानावर चिकटून बसायलाच पहिलं सामान लागतं, स्पोरच्या टोकाला एक चिकट पदार्थ असतो, तो ओल लागली की बाहेर येतो आणि स्पोर घट्ट बसतो. साधारण दोन तासात कोंब फुटतो. कोंबाला जाणवतं की खालचा पृष्ठभाग मेणचट, टणक आहे आणि इथं बाहेर खायला काही नाही, मग सहा-आठ तासात त्याच्या टोकाला एक गोल फुगा तयार होतो, त्याला ॲप्रेसोरियम म्हणतात. ह्या फुग्याच्या भिंतीत मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्याचा काळा थर बसतो. थर बसला की आत साठलेलं ग्लिसरॉल बाहेर जात नाही पण पाणी आत येत राहतं, आणि दाब वाढत वाढत ८ मेगापास्कलपर्यंत जातो. मोटारीच्या टायरमध्ये आपण जी हवा भरतो त्याच्या पस्तीसेक पट. तेवढ्या दाबानं खालून एक बारीक खुंटी पानाची साल फोडून आत घुसते. आत गेल्यावर इफेक्टर नावाची प्रथिनं सोडून भाताची प्रतिकारशक्ती गप्प करते, आणि चार-पाच दिवसात तुम्हाला ठिपका दिसतो.

व्हिर्युलन्स फॅक्टर, म्हणजे रोग पाडायचं सामान म्हणतात ते हेच सगळं: चिकट पदार्थ, ॲप्रेसोरियम, मेलॅनिन, दाब, इफेक्टर. यातला मेलॅनिनचा थर नसला तर बुरशी मरत नाही, प्रयोगशाळेतल्या प्लेटवर मजेत वाढते, फक्त तिला पान फोडता येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, फवारणीचं सगळं गणित पुढं ह्याच्यावरच बसणार आहे.

मुद्दा हा की चिकट पदार्थ सोडला तर यातली एकही गोष्ट स्पोरमध्ये तयार घेऊन फिरत नाही ती. बाकी सगळं पानावर पडल्यावर, एका रात्रीत, ओल असेपर्यंत बनवायचं असतं. मधेच पान वाळलं तर कोंब फुटलेला स्पोर बहुतेक करून तिथंच संपतो.

पहिली पायरी: हा करपाच आहे का?

हे न बघता पुढं गेलात तर सगळी मेहनत वाया. पानावरचा करपा म्हणजे दोन्हीकडं निमुळता, डोळ्याच्या आकाराचा ठिपका, मधे राखाडी, कडेनं तपकिरी. तपकिरी ठिपके हा वेगळा रोग आहे, तो तिळाएवढा, गोलसर, भोवती पिवळी कड, आणि तो बहुतेक हलक्या, उपाशी जमिनीत जास्त येतो. तिथं खत कमी पडलेलं असतं, म्हणजे करप्याच्या बरोबर उलट. पानाच्या कडेनं वरून खाली लाटालाटांनी पिवळं-पांढरं होत येत असेल तर तो कडा करपा, नावात करपा असला तरी तो जिवाणूचा रोग आहे, त्याच्यावर बुरशीचं औषध मारून काय उपयोग नाही. नदीकाठच्या शेतात पुराचं पाणी चढून उतरलं की हा हमखास दिसतो, २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर पंचगंगेच्या, भोगावतीच्या काठाला भात ज्यांचं वाचलं त्यांनी हा नीट तपासायला पाहिजे होता.

लोंबी पांढरी पडली की लोक सरसकट खोडकिडा म्हणतात. ओढून बघा. सहज उपसून हातात आली आणि बुडाला कुरतडलेलं दिसलं तर खोडकिडा, ती पळींज. उपसत नाही, पण लोंबीच्या खाली मानेवर काळपट-तपकिरी कडं दिसतंय आणि तिथंच मान मोडतेय, तर मानेचा करपा. पानावरच्या करप्यातनं भात सावरतं, मानेवरच्यातनं नाही, दाणा भरायच्या आधीच रस्ता बंद होतो.

दुसरी पायरी: ओलीचा हिशोब ठेवा, तापमानाचा कमी

पुस्तकात लिहिलेलं असतं की बुरशीला २४ ते २८ अंश फार मानवतं, ३० च्या पुढं ॲप्रेसोरियम बनणं मंदावतं, ३५ च्या वर काम जवळपास थांबतं. बरोबर आहे. पण कोल्हापुरात जुलै-ऑगस्टला दिवसाचं तापमान २६-२७ च्या आसपास आणि रात्रीचं २१ च्या आसपास, म्हणजे पावसाळाभर तिला पाहिजे तीच हवा. ऑक्टोबरमध्ये दुपार तापते पण स्पोरचं काम रात्रीचं, आणि रात्र परत विशीतच. त्यामुळं माझं मत स्पष्ट आहे, आपल्या भागात थर्मामीटरकडं बघून करपा येईल का नाही हे कळत नाही, ते ठरवते पानावरची ओल. विदर्भातला किंवा पंजाबातला लेख वाचून तापमानाचे आकडे पाठ करण्यात अर्थ नाही.

ओल किती वेळ? दहा-बारा तास सलग ओलं पान म्हणजे धोका. आठ तासाच्या आत वाळलं तर बहुतेक वेळा वाचलात. आणि ही ओल पावसाचीच पाहिजे असं नाही, दव, धुकं, भुरभुर काहीही चालतं. उलट गगनबावड्याकडं पुष्य-आश्लेषात जो धो धो पाऊस लागतो त्यात बरेच स्पोर धुवून जातात. खरा वाईट काळ पाऊस ओसरल्यावरचा: दिवसा ढगाळ, मधेच ऊन, संध्याकाळी सर, सकाळी नऊपर्यंत धुकं. पूर्वा-उत्तरा-हस्तातलं (सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीचं) हवामान. आणि नेमकं त्याच वेळी हळव्या-निमगरव्या (लवकर आणि मध्यम मुदतीच्या) जाती पोटरीत नाहीतर निसवण्यात (लोंबी बाहेर पडायच्या वेळेत) असतात. लोक म्हणतात पाऊस गेला आता रोग जाईल, तिथंच फसतात.

करायचं काय, तर एक साधी वही. तिच्यात रोज तीन गोष्टी: संध्याकाळी पानाला ओल किती वाजता धरली (हात फिरवला की कळतं), सकाळी किती वाजता पान वाळलं, आणि रात्रीचं किमान तापमान. शेवटचं मोबाईलवर बघितलं तरी चालतंय. पान वाळल्याची वेळ मात्र मोबाईल सांगत नाही, त्याला बांधावर जायलाच लागतं, आणि बांधावरच्या नाही तर मधल्या, दाट भागातल्या पानाला हात लावून बघायचं. ओढ्याकाठचं, डोंगराच्या सावलीतलं, झाडाखालचं वाफं वेगळं लिहा. तिथं ऊन उशिरा येतं, पान दोन-तीन तास जास्त ओलं राहतं आणि करपा कायम तिथनंच सुरू होतो.

रात्रीचं तापमान २० ते २६ च्या दरम्यान, हवेत ९० टक्क्यांच्या वर आर्द्रता आणि दहा तासावर ओल, असं सलग पाच-सात दिवस जुळून आलं की समजायचं बुरशीचं हत्यार तयार व्हायला लागलंय. ठिपके त्या दिवशी दिसणार नाहीत, चार-पाच दिवसांनी दिसतील. एका ठिपक्यावर पुढचे साधारण दोन आठवडे रोज रात्री हजारोंनी स्पोर तयार होतात, म्हणून पहिले चार ठिपके दिसले तेव्हा दुसरी फेरी आधीच सुरू झालेली असते.

तिसरी पायरी: युरियाचं पोतं फोडायच्या आधी

इथं जरा सावकाश जाऊया, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं आणि सगळ्यात जास्त सुधारणा पण इथंच शक्य आहे.

गंमत अशी की बुरशीला पानाच्या बाहेर उपासमार पाहिजे आणि आत मेजवानी. बाहेर काही खायला नाही हे जाणवलं तरच ती ॲप्रेसोरियम बनवायच्या मागं लागते. बाहेर भरपूर खाद्य दिलं तर कोंब नुसता लांब लांब वाढत जातो (खालच्या प्रॅक्टिकलमध्ये हे डोळ्यांनी दिसेल). आत शिरल्यावर मात्र तिला नत्र पाहिजे, आणि तुम्ही युरिया टाकून पान हिरवंगार, लुसलुशीत केलं असेल तर पेशीत नत्राचा साठा तयार असतोच. शिवाय जास्त नत्रानं फुटवे दाट होतात, आत वारा खेळत नाही, ओल लवकर वाळत नाही, म्हणजे दुसऱ्या पायरीतलं सगळं गणित पण बुरशीच्या बाजूनं झुकतं. एकाच पोत्यात तिची दोन कामं.

सुधारित जातीला शिफारस हेक्टरी १०० किलो नत्राची आहे. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे सगळं नत्र युरियातनंच द्यायचं म्हटलं तरी हेक्टरी २१७ किलो, एकराला ८७ किलो, म्हणजे ४५ किलोची दोन पोती पण पूर्ण नाहीत. गुंठ्याला सव्वादोन किलोच्या आत. आणि डीएपी किंवा मिश्रखत आधी दिलं असेल तर त्यातलं नत्र यातनं वजा करायचं, हे वजा करायचं बहुतेक जण विसरतात. हे पण एकदम नाही: ४० टक्के लावणीला, ४० टक्के फुटव्याला, उरलेलं २० टक्के लोंबी धरायच्या वेळी. घनसाळसारख्या उंच देशी जातीला याच्यापेक्षा बरंच कमी, नाहीतर करप्याच्या आधी ते लोळूनच जाईल. आजरा घनसाळला भौगोलिक मानांकन मिळालंय ते त्याच्या वासाला, युरियानं काळ्या-हिरव्या झालेल्या पानाला नाही.

आता मुख्य नियम. वहीत पाच-सात धोक्याचे दिवस लागून आले असतील तर त्या आठवड्यात युरिया टाकायचा नाही. ठरलेली तारीख असली तरी नाही. हवा उघडली, पान सकाळी लवकर वाळायला लागलं की मग टाका. आठवडाभरानं पिकाचं फार बिघडत नाही. शेजाऱ्याचं भात हिरवं दिसतंय म्हणून मूठभर फेकायची सवय आहे ना आपल्याकडं, ती नेमकी ढगाळ आठवड्यात जास्त होते, कारण ढगाळ हवेत भात जरा फिक्कट दिसतं.

चौथी पायरी: वाफ्यातलं पाणी

करपा ओलीत वाढतो म्हणून वाफ्यातलं पाणी सोडून द्यायचं, असं सांगणारे भेटतात. उलटं आहे. ओल पानावर नको, मुळाशी पाणी पाहिजे. मुळाशी पाणी साचलेलं असलं की जमिनीतली सिलिका जास्त विरघळते आणि भाताला मिळते, ती पानाच्या सालीत जाऊन बसते, आणि साल टणक झाली की त्या दाबाच्या खुंटीला आत घुसायला जड जातं. जमीन वाळली की सिलिका कमी मिळते, नत्राचं रूप बदलतं, रोपाला ताण बसतो, आणि बुरशी तीच, ओल तीच असूनसुद्धा रोग जास्त दिसतो.

म्हणून आपल्याकडच्या धूळवाफ पेरणीला जास्त जपायला लागतं. मेअखेर कुरीनं पेरलेलं भात, मृगात दोन पाऊस झाले आणि मग आर्द्रात पंधरा दिवस ओढ दिली, की रोप ताणात. त्यावर परत रिमझिम सुरू झाली की लहान रोपावरच करपा चढतो. पाणी द्यायची सोय असेल तर त्या ओढीत एक पाणी द्या. नसेल तर निदान त्या वेळी युरिया देऊ नका. चिखलगुठ्ठ्यात रोप लावण केलेल्या भाताला फुटव्यापासून दाणा भरेपर्यंत दोन-चार बोटं पाणी बांधून ठेवा. डोंगरउताराच्या खाचरात बांध फुटून वरचं वाफं कोरडं पडतं, करपा तिथं बघायला जा, खालच्या वाफ्यापेक्षा जास्त सापडेल.

पाचवी पायरी: तुसाची राख

ही पायरी स्वस्त आहे म्हणून लोक हिला हसतात. डॉ. ना. के. सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातशेतीचं पहिलं सूत्रच भाताच्या अवशेषांचा परत वापर हे आहे, त्यात तरव्याच्या (रोपं वाढवायच्या) गादीवाफ्यात चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची राख मिसळायला सांगितलीय. तुसात सिलिका भरपूर असते, रोप लहानपणीच ती ओढून घेतं आणि लावणीपर्यंत निबर होतं. राख काळी-करडी घ्या, सावकाश जळलेली. भट्टीत कडक जाळून पांढरीफटक झालेली राख तेवढी विरघळत नाही, तिचा गुण कमी. गिरणीवर नाहीतर चुरमुऱ्याच्या भट्टीवर पोत्यानं मिळते, कुणी पैसे सुद्धा मागत नाही बऱ्याचदा. वाफ्यावर नुसती उधळू नका, वारा घेऊन जातो, बी टाकायच्या आधी वरच्या मातीत कालवा.

बियाण्याचं पण इथंच उरकून घेतो: दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, त्यात बी ओतून तरंगणारं काढून टाका (बुरशी त्या पोचट दाण्यात जास्त असते), बुडालेलं दोन-तीन वेळा साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा, मग किलोला तीन ग्रॅम थायरम चोळा. करपलेल्या शेतातलं बी ठेवूच नका.

सहावी पायरी: डोळ्यांनी बघायचं असेल तर, पोरांसाठी प्रॅक्टिकल

कॉलेजचा साधा मायक्रोस्कोप पुरतो. कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातली असोत नाहीतर विद्यापीठातली मायक्रोबायोलॉजीची असोत, सीझनल प्रोजेक्ट म्हणून मस्त आहे, खर्च जवळपास नाही.

ताजा ठिपका असलेली पानं आणा, फार वाळलेली नकोत. दोन-तीन इंचाचे तुकडे करा, पाण्यात खंगाळा, मिठाईच्या प्लास्टिक डब्यात ओला टिश्यू अंथरून त्यावर ठेवा, झाकण लावा. एक-दीड दिवसात ठिपक्यावर करडी लव येते. उकळून गार केलेल्या पाण्याचे काही थेंब टाकून रंगाच्या मऊ ब्रशनं ती लव हळू झाडा आणि पाणी मलमलच्या कापडातनं गाळा. स्लाइडवर बघा, तीन कप्प्यांचे पेअरसारखे स्पोर दिसले म्हणजे बरोबर. दहाच्या ऑब्जेक्टिव्हनं एका नजरेत दहा-वीस स्पोर पुरे. फार दाट ठेवू नका, गर्दी झाली की ते एकमेकांना अडवतात, ॲप्रेसोरियम कमी बनतात आणि तुमचा सगळा निकाल चुकतो.

आता प्लास्टिकच्या कव्हरस्लिपा घ्या. आधी नुसतं पाणी टाकून बघा, थेंब गोल उभा राहिला तर पृष्ठभाग चालेल, पसरला तर नाही. स्पोरवाल्या पाण्याचा एकेक थेंब ठेवा, ओल्या टिश्यूच्या डब्यात झाकून ठेवा म्हणजे वाळणार नाही. मग हे वेगवेगळे सेट लावा, प्रत्येकाचे तीन थेंब:

- साधं पाणी, प्लास्टिकवर, खोलीच्या हवेत २५ अंशाच्या आसपास. हा तुमचा कंट्रोल.
- साधं पाणी पण स्वच्छ धुतलेल्या काचेवर.
- प्लास्टिकवर, थेंबात एक टक्का यीस्ट एक्स्ट्रॅक्ट.
- प्लास्टिकवर, एक डबा फ्रीजमध्ये आणि एक ३५ अंशाच्या इन्क्युबेटरमध्ये.
- प्लास्टिकवर, चार तासांनी झाकण काढून थेंब वाळवायचा, तासाभरानं परत पाणी टाकायचं.
- प्लास्टिकवर, थेंबात अगदी थोडं ट्रायसायक्लॅझोल (करप्यावर फवारायचं औषध). ७५ टक्क्यांची पावडर एक ग्रॅम एक लिटरमध्ये, त्यातलं १३ मिली काढून परत एक लिटर करा, ते साधारण १० पीपीएम होतं. स्पोर त्याच पाण्यात घ्या.

दोन तासांनी, आठ तासांनी आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. प्रत्येक थेंबात १०० स्पोर मोजा: किती फुटले, कितींना फुगा आला, किती फुगे काळे पडले. तीन वेगळे रकाने करा, एकात कोंबू नका, कारण सगळी मजा त्या फरकातच आहे. काचेवर कोंब भरपूर फुटतात पण फुगे कमी. यीस्ट एक्स्ट्रॅक्टमध्ये कोंब लांबच लांब, फुगे नाहीत, ही ती बाहेरची मेजवानी. फ्रीजमध्ये सगळं झोपलेलं, ३५ ला गडबडलेलं. वाळवलेला सेट बघितला की दुसऱ्या पायरीत पान कधी वाळलं ते का लिहायला सांगितलं ते कळेल. आणि ट्रायसायक्लॅझोलमध्ये कोंब फुटतात, फुगे पण येतात, फक्त रंगहीन. बुरशी जिवंत आहे, मेलॅनिन नाही.

ही बुरशी माणसाला रोग करत नाही, तरी डबे उकळत्या पाण्यात टाकूनच फेका, आणि भाताच्या शेताजवळ नकोच.

सातवी पायरी: फवारणी, आणि ती कधी फुकट जाते

वरच्या शेवटच्या सेटनं उत्तर दिलंच आहे. ट्रायसायक्लॅझोल बुरशी मारत नाही, मेलॅनिन बनू देत नाही, म्हणजे पानावर ते बुरशीच्या आधी पोचलेलं पाहिजे. एकदा ती आत शिरली की आत तिला ह्या मेलॅनिनच्या फुग्याची गरज उरत नाही आणि तुमचं औषध त्या ठिपक्याला काही करत नाही. त्यानं पुढची नवी लागण थांबते तेवढंच. म्हणून "औषध मारलं तरी ठिपके वाढले" ही तक्रार दरवर्षी ऐकू येते, ते ठिपके फवारणीच्या आधीच आत गेलेले होते, नुसते दिसायचे बाकी होते.

प्रमाण ७५ टक्के पावडर, दहा लिटरला सहा ग्रॅम, एकराला साधारण २०० लिटर पाणी. पानं मेणचट असल्यामुळं स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव्य) घाला. लहान रोपावर वहीतले धोक्याचे दिवस आणि पहिले ठिपके दोन्ही जुळले तर एक फवारणी. मानेच्या करप्यासाठी मात्र ठिपक्याची वाट बघायची नाही: पोटरीच्या शेवटी एक आणि निम्म्या लोंब्या बाहेर आल्यावर दुसरी, ती पण त्या आठवड्यात ओल लांबत असेल तरच. हवा कोरडी, सकाळी सातला पान वाळतंय, तर पैसे खिशात ठेवा. ठिपके आधीच बरेच असतील तर आयसोप्रोथायोलेन ४० ईसी दहा लिटरला १५ मिली हा पर्याय आहे, त्याचं काम वेगळ्या रस्त्यानं चालतं.

दोन सावधगिऱ्या. एकाच प्रकारचं औषध वर्षानुवर्षं नको. जपानमध्ये मेलॅनिनच अडवणारं पण वेगळ्या जागी काम करणारं कारप्रोपामिड होतं, ते २००१ च्या सुमारास बुरशीतल्या एका छोट्या बदलामुळं तिथं निकामी ठरायला लागलं. दुसरं, तांदळातल्या अंशाचं. युरोपनं ट्रायसायक्लॅझोलची मर्यादा १ वरून ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलोवर आणली आणि २०१८ पासून बासमतीवाल्यांना त्याचा चांगलाच फटका बसला. आपला इंद्रायणी-घनसाळ परदेशी जात नसला तरी घरी आपणच खातोय, तेव्हा काढणीपूर्वीचे लेबलवरचे दिवस पाळा आणि घेताना त्या वर्षी त्याला भातावर मान्यता आहे का ते कृषी सहायकांना विचारा.

उरलेलं थोडं

रोगाला दाद न देणारी जात म्हणून जी मिळते ती कायमची नसते. जातीतलं एक जनुक बुरशीचा एक इफेक्टर ओळखतं, बुरशीनं तो बदलला की ओळख संपली, कधीकधी दोन-तीन वर्षातच. म्हणून सगळ्या शिवारात एकच जात नको, आणि नवीन बी घेताना राधानगरीच्या किंवा कोल्हापुरातल्या शेंडा पार्कच्या कृषी संशोधन केंद्रात जाऊन त्या साली कुठल्या जातीवर करपा दिसतोय हे विचारून घ्या.

नाचणीवर पण करपा येतो, तोही ह्याच बुरशीचा, पण नाचणीवरचा बुरशीचा वाण बहुतेक करून नाचणीवरच राहतो, भातावर सहसा चढत नाही. त्यामुळं बांधावरच्या नाचणीला शिव्या देऊ नका. करपलेल्या भाताचा पेंढा मात्र पुढच्या वर्षीच्या तरव्याच्या शेजारी गंजी करून ठेवू नका, तो जनावरांना घाला नाहीतर शेणखताच्या खड्ड्यात नीट कुजवा, कारण मृगाच्या पहिल्या ओलीत त्याच्यावरच पहिले स्पोर तयार होतात.